एका ओळीतलं अड्याळ

१९०८ सालच्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये भंडारा जिल्ह्यातल्या पुरातन अवशेषांना जेमतेम एक परिच्छेद मिळाला आहे. तिलोता खैरीचे उभे दगड, आमगावजवळच्या पद्मपूरचे पडके अवशेष, अंबागड, सानगडी, प्रतापगड आणि पवनीचे किल्ले यांच्या सोबत त्यात काही देवळांची नावं येतात. चुना न वापरता दगडावर दगड बसवून उभारलेली, हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी ही देवळं. त्यांत कोरंभी आहे, भंडारा शहरालगतची पिंगलाई आहे आणि अड्याळही आहे. अड्याळच्या वाट्याला आलं ते एवढंच, यादीतलं एक नाव. देऊळ कोणत्या देवाचं, तोंड कुठल्या दिशेला, खांब किती, शिखर शाबूत की ढासळलेलं, यांतलं काहीही त्या परिच्छेदात नाही.

भंडाऱ्याहून पवनीकडे निघालं की पहेला मागे टाकल्यावर अड्याळ लागतं. पवनी तालुक्यातलं हे मोठं गाव आपल्या हनुमान मंदिरामुळे आणि घोडायात्रेमुळे पंचक्रोशीत ओळखलं जातं. तोच रस्ता पुढे वैनगंगेच्या काठी पवनीला पोचतो आणि तिथे इतिहास एकदम दोन हजार वर्षांहून मागे जातो. पवनीवर ग्रंथ आहेत, उत्खननाचे अहवाल आहेत, शिलालेखांची वाचनं आहेत. अड्याळवर एक ओळ आहे. पवनी आणि अड्याळ यांच्यातलं हे अंतर इतिहासाने पाडलेलं नाही, ते नोंदींनी पाडलेलं आहे. पूर्व विदर्भातल्या शेकडो गावांची हीच अवस्था असल्याने अड्याळची ओळ नीट वाचायला हवी.

यादी कुणी केली

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण १८६१ साली सुरू झालं आणि अलेक्झांडर कनिंगहॅम त्याचा पहिला प्रमुख झाला. त्याच्या काळात शोधाचा भर बौद्ध स्थळांवर आणि मोठ्या शिलालेखांवर होता. गावोगावच्या लहानसहान अवशेषांची मोजदाद पुढच्या पिढीने केली. हेन्री कझिन्सची मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या पुरातन अवशेषांची यादी १८९७ साली छापली गेली. जिल्हा अधिकाऱ्यांकडून आलेल्या माहितीवर तिचा बराचसा भार होता. म्हणजे तहसीलदाराने विचारायचं, पटवाऱ्याने गावात चौकशी करायची, मालगुजाराने किंवा कोतवालाने सांगायचं आणि वर जाताजाता त्याची एक ओळ व्हायची. १९०८ मध्ये आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेलं भंडारा जिल्ह्याचं स्वतंत्र गॅझेटिअर आलं आणि १९१६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांची मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या शिलालेखांची सूची. आजही या भागातला कुठलाही अभ्यासक पहिल्या दिवशी हीच पुस्तकं उघडतो.

या माणसांचे उपकार मोठे आहेत, पण त्यांच्या याद्यांच्या मर्यादाही तेवढ्याच मोठ्या. दगडी, बिनचुन्याचं आणि जुनं दिसणारं प्रत्येक देऊळ त्यांनी ‘हेमाडपंती’ या एकाच खात्यात टाकलं. हेमाद्री म्हणजेच हेमाडपंत हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. अशी बांधणी मात्र त्याच्या आधीपासून होत होती आणि नंतरही चालू राहिली. त्यामुळे खात्याच्या या नावावरून देवळाचा काळ ठरत नाही. किल्ल्यांचंही तसंच. बांधणारा ठाऊक नसला की ‘गवळी राजांनी बांधला’ असं लिहिलं गेलं, कारण लोक तसं सांगत. लोकांनी सांगितलेलं लिहून ठेवणं योग्यच होतं, पण त्यानंतर मोजमाप घ्यायला कुणी तरी जायला हवं होतं. बहुतेक गावांत कुणी गेलं नाही.

त्यात या जिल्ह्याचा कारभार सारखा हात बदलत राहिला. भंडारा आधी मध्य प्रांतात, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात, १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. १९९९ साली त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. प्रत्येक फेरबदलात कागद हलले, दप्तरं विभागली गेली. जुन्या यादीतलं पद्मपूर आणि प्रतापगड आज गोंदियात आहेत, अड्याळ आणि पवनी भंडाऱ्यात.

पवनीला काय घडलं

नोंद एका ओळीवरून पुढे सरकली की काय होतं, ते अड्याळच्याच तालुक्यात पाहता येतं. पवनी हे तीन बाजूंनी मातीच्या तटाने वेढलेलं आणि चौथ्या बाजूला वैनगंगा असलेलं जुनं शहर. विदर्भातल्या अष्टविनायकांत पवनीचा गणपती येतो. इथल्या कोष्ट्यांच्या रेशीमकाठी विणकामाचा एके काळी मोठा लौकिक होता. गावाबाहेरच्या उंचवट्यांना लोक टेकडी म्हणत. जगन्नाथ टेकडी, सुलेमान टेकडी, हरदोलाल टेकडी अशी त्यांची नावं.

१९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे प्रमुख. मातीखालून विटांचे मोठे स्तूप निघाले. जगन्नाथ टेकडीच्या स्तूपाचा व्यास सुमारे अडतीस मीटर भरला. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीस मीटरच्या आसपास आहे. स्तूपाभोवतीच्या दगडी कठड्याचे खांब सापडले. त्यांवर दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लिपीत कोरलेली होती. एका शिल्पात रिकाम्या आसनावर फणा धरलेला मुचलिंद नाग आहे आणि त्याचं नाव तिथेच कोरलेलं आहे. बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवण्याआधीची ही कला मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपाच्या शिल्पांशी नातं सांगते. उत्खननाचा अहवाल १९७२ साली पुस्तकरूपाने आला. १९९४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अमरेंद्र नाथ यांनी पवनीत पुन्हा खोदकाम केलं आणि त्याचा अहवाल १९९८ मध्ये छापला गेला.

या खोदकामांच्या आधीही पवनीचे लेख उजेडात आले होते. भार वंशातल्या भगदत्त राजाचा, पादुका कोरलेल्या शिळेवरचा लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी प्रसिद्ध केला. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचं नाव असलेला दगडी स्तंभही पवनीचाच. क्षत्रपांचा हात वैनगंगेपर्यंत पोचला होता, हे त्या एका स्तंभाने सांगितलं. पवनीपासून फार लांब नसलेल्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेक इथल्या शिळेवर दोन लेख आहेत. एक मौर्यकाळातला, प्राणी पकडायला आणि मारायला मनाई करणारा. दुसरा त्याच दगडावर काही शतकांनंतर कोरलेला, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा. असा एखादा दगड पायरीसाठी फोडला गेला असता तर विदर्भाच्या इतिहासातली दोन पानं एकाच घणाने गेली असती.

भरहुतला अशीच पानं गेली. कनिंगहॅम १८७३ साली तिथे पोचला तेव्हा स्तूपाचा बहुतेक भाग आसपासच्या गावांच्या भिंतींत चिणला गेला होता. उरलेला कठडा आणि तोरण त्याने कोलकात्याच्या संग्रहालयात हलवलं. म्हणून भरहुत पाहायचं तर आज कोलकात्याला जावं लागतं. पवनीच्या बाबतीत निदान टेकड्या जागेवर आहेत, आणि रुयाडला उभ्या राहिलेल्या महासमाधीभूमी स्तूपामुळे परिसराकडे देशविदेशातल्या बौद्धांचं लक्ष आहे. अड्याळ ते पवनी या पट्ट्यातल्या बाकी गावांना असं कुणी वाली नाही.

पांढरी, रिठी आणि तलाव

या भागात जुना अवशेष म्हणजे केवळ देऊळ नव्हे. विदर्भाच्या मातीत तो अनेक रूपांनी पडून आहे आणि त्यातली बरीच रूपं अनोळखी डोळ्याला दिसतही नाहीत.

सगळ्यात दुर्लक्षित ती पांढरी. माणूस शेकडो वर्षं एका जागी राहिला की घरांच्या पडक्या भिंती, चुलींची राख, शेणमाती, खापरं यांचा थर साचत जातो. गावाच्या कडेला पांढुरक्या मातीचं टेकाड दिसलं आणि त्यात काळी-तांबडी खापरं सापडली, की ती जुनी वस्ती समजावी. शेतकऱ्याला ही माती खताला चांगली, भिंत सारवायलाही चांगली. पिढ्यान् पिढ्या ती बैलगाडीतून जात होती, तेव्हा टेकाड हळूहळू झिजे. आता जेसीबी आणि टिप्पर आल्यावर दोन हजार वर्षांचा थर एका आठवड्यात रस्त्याच्या भरावात जातो. नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यातलं अडम, मांढळ आणि पचखेडी ही आज वाकाटक-सातवाहन काळाच्या अभ्यासातली मोठी नावं आहेत. उत्खनन होईपर्यंत शेजारच्या गावांना तीही साधी टेकाडंच वाटत होती.

दुसरी खूण रिठीची. महसुली कागदांत ज्या गावापुढे ‘रिठी’ लागतं, तिथे आज वस्ती नसते. दुष्काळ, रोगराई किंवा लुटारूंच्या भीतीने ती उठलेली असते. या गावांच्या शिवारात जुनी विहीर, पार, वीरगळ, मातामायचं ठाणं हमखास सापडतं. पुरातत्त्वाच्या सर्वेक्षणासाठी तलाठ्याकडची ही यादी म्हणजे तयार नकाशा आहे. तो वापरायला वेगळा निधी लागत नाही.

तिसरी खूण महापाषाणीय दफनांची, म्हणजे लोखंड वापरणाऱ्या लोकांनी मोठे दगड वर्तुळात मांडून किंवा उभे रोवून केलेल्या थडग्यांची. नागपूरजवळच्या जुनापाणीची वर्तुळं रिव्हेट-कार्नाकने १८६७ मध्ये उकरली. टाकळघाट, माहुरझरी, नैकुंड इथल्या उत्खननांनी त्या लोकांची घोड्यांची साधनं, मणी, लोखंडी हत्यारं आणि नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीही दाखवली. गॅझेटिअरमधली तिलोता खैरी याच परंपरेतली. शेत सपाट करायचं म्हटलं की पहिला बळी अशा दगडांचा जातो, कारण ते पिकाच्या आड येतात आणि बांधाला उपयोगी पडतात.

चौथा वारसा पाण्याचा. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजवटीत कोहळ्यांनी बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात असलेले मामा (माजी मालगुजारी) तलाव, बोड्या, पाट यांची बांधणी ही अभियांत्रिकीच आहे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांच्याकडे फक्त सिंचनाच्या हेक्टरांत पाहिलं जाऊ लागलं. पाळीवरचा देव, सांडव्याची जुनी दगडी बांधणी, पाणी वाटून घ्यायची गावाची रीत यांची नोंद कुठल्याच खात्याने ठेवली नाही.

कसं जातं

अवशेष नष्ट होण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. चोरी ही त्यांतली एक, पण सर्वांत मोठी नव्हे. सर्वांत मोठी वाट भक्तीची. गावाला देवळाचा अभिमान असतो, वर्गणी जमते, जीर्णोद्धार ठरतो. जुने दगड उतरवले जातात, भिंतींना चकचकीत टाइल्स लागतात, मूर्तीवर ऑइल पेंट चढतो, कोरीव खांब सिमेंटने गुळगुळीत होतात. सिमेंट ओल धरून ठेवतं, क्षार दगडात उतरतात आणि काही पावसाळ्यांनंतर कोरीव कामाचे पापुद्रे निघू लागतात. यात कुणाची नियत वाईट नसते. सल्ला द्यायला कुणी आलेलं नसतं, एवढंच.

दुसरी वाट प्रकल्पाची. पवनीजवळ वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली अनेक गावं त्याच्या पाण्याखाली गेली, माणसं नव्या वसाहतींत हलली. पुनर्वसनाच्या यादीत घर, विहीर, झाड यांची किंमत धरली जाते. पांढरी, वीरगळ, नदीकाठचं पडकं देऊळ यांना त्यात रकाना नसतो. धरणाआधी काय करता येतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. नागार्जुनसागर धरणाचं पाणी चढण्याआधी, १९५४ ते १९६० या काळात नागार्जुनकोंड्याच्या खोऱ्यात सलग उत्खनन झालं. महत्त्वाच्या वास्तू उचलून टेकडीवर आणि काठावर पुन्हा उभारल्या गेल्या. पाणी आलं, शेतंही भिजली आणि इतिहासही हाती राहिला.

संरक्षित ठरलेल्या वास्तूंची स्थितीही फार हेवा करावा अशी नाही. महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात केंद्र संरक्षित वास्तूंपैकी ९२ जागेवर सापडत नसल्याचं सांगितलं. पुढे शोध घेतल्यावर काही मिळाल्या. उरलेल्या ५० बद्दल केंद्राने संसदीय समितीला माहिती दिली: १४ शहरवाढीत गेल्या, १२ धरणांच्या पाण्यात गेल्या आणि २४ चा पत्ताच नाही. त्याच समितीपुढे आलेल्या माहितीनुसार ३,६९३ केंद्र संरक्षित वास्तूंपैकी फक्त २४८ ठिकाणी पहारेकरी होते. ज्यांच्यावर निळी पाटी आहे त्यांची ही गत असेल, तर पाटी नसलेल्यांची काय असेल?

कायदा कुठे थांबतो

कायदे आहेत आणि ते कडकही आहेत. १९५८ चा केंद्राचा कायदा, १९६० चा महाराष्ट्राचा कायदा, पुरावस्तूंसाठी १९७२ चा कायदा. २०१० च्या दुरुस्तीने केंद्र संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची सक्ती आणली. पण १९५८ आणि १९६० चे हे कायदे सुरू होतात ते वास्तू अधिसूचित झाल्यावर. अधिसूचनेसाठी प्रस्ताव लागतो, प्रस्तावासाठी नकाशा, गट क्रमांक, छायाचित्रं आणि महत्त्व सांगणारी टिपणी लागते. मग हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत. थोडक्यात, ज्याची नोंद नाही त्याच्या दारात कायदा येतच नाही.

स्मारकं आणि पुरावस्तूंच्या नोंदणीसाठी २००७ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झालं. देशात चार लाखांच्या वर वारसा वास्तू असाव्यात, असा त्याचा अंदाज. केंद्राच्या संरक्षणात त्यांतल्या शंभरात एकही नाही. राज्याची संख्या मिळवली तरी चित्र फारसं बदलत नाही. सगळ्याच संरक्षित करा, असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही, कारण तेवढे पहारेकरी आणि तेवढा पैसा कुठलंही सरकार देऊ शकत नाही. सगळ्यांची नोंद मात्र शक्य आहे, आणि ती गावच करू शकतं.

नोंद कशी हवी

१९०८ ची ओळ अपुरी का, याचं उत्तर सोपं आहे. उद्या अड्याळच्या जुन्या देवळातला एखादा खांब नाहीसा झाला, तर तो होता हे त्या ओळीवरून सिद्ध करता येत नाही. जी नोंद नुकसान सिद्ध करू शकते तीच खरी नोंद. तमिळनाडूतल्या श्रीपुरंथनच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचला होता. तो २०१४ मध्ये भारतात परतला. मूर्ती देवळात असताना टिपलेली, पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेच्या संग्रहातली छायाचित्रं त्या दाव्यात मोलाची ठरली.

तेव्हा गावाने काय लिहावं? जागेचा गट क्रमांक आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. लोक त्या जागेला काय म्हणतात आणि तिच्याबद्दल काय सांगतात, ते जसंच्या तसं. लांबी, रुंदी, उंची, दिशा. चारही बाजूंनी मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेली छायाचित्रं. प्रत्येक सुट्या मूर्तीचा पुढून, बाजूने आणि मागून फोटो, कारण मागची फूट किंवा छिन्नीची खूणच पुढे ओळख पटवते. मालकी कुणाची, पूजा कोण करतं, आजची अवस्था काय. दरवर्षी त्याच जागेवरून पुन्हा फोटो.

काय करू नये हेही लिहून ठेवायला हवं. शिलालेखावर खडू, तेल, शेंदूर चोळू नये. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात फोटो काढला की अक्षरं आपोआप उठून दिसतात. ठसा घेण्याचं काम जाणकारांवर सोडावं. शेतात सापडलेली मूर्ती घरी किंवा नव्या देवळात नेऊ नये, कारण जागा सुटली की अर्धी माहिती गेली. नाणी किंवा दागिने सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. आणि सुट्या मूर्तींचं नेमकं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकणं म्हणजे चोराला पत्ता देणं.

यासाठी नवं खातं लागत नाही. आपल्याकडे महसूल संहितेच्या कलम १६१ खाली निस्तार पत्रक आहे, कलम १६५ खाली वाजिब-उल-अर्ज आहे. गावाचं आखर, तलाव, स्मशान, वाटा, त्यांवरचे हक्क या जुन्या दप्तरात लिहिलेले असतात. जैवविविधता कायद्यामुळे ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही ठेवली जाते. गावच्या झाडाची नोंद होते, मग गावच्या वीरगळाची का होऊ नये? त्याच धर्तीवर वारशाची नोंदवही ठेवता येईल. शाळेतले विद्यार्थी मोजमाप घेतील, तलाठी गट क्रमांक देतील, गावातली वडीलधारी माणसं नावं आणि गोष्टी सांगतील. तिची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक तहसीलमध्ये, एक नागपूरच्या पुरातत्त्व कार्यालयात. नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास विभाग, १८६३ साली स्थापन झालेलं मध्यवर्ती संग्रहालय आणि १९३४ पासूनचं विदर्भ संशोधन मंडळ ही तपासून घेण्याची ठिकाणं. पवनीचा अभ्यास याच वर्तुळातल्या माणसांनी उभा केला आहे.

पुरातत्त्व खात्याला दोष देणं सोपं आहे आणि काही अंशी रास्तही. पण एका जिल्ह्यातल्या शेकडो गावांत दरवर्षी फिरणं मूठभर अधिकाऱ्यांना शक्य नाही. गावाला ते रोजच शक्य आहे. ज्या गावाकडे स्वतःची नोंदवही असेल, त्या गावाकडे खात्याला यावं लागेल. रस्त्याच्या कंत्राटदाराला तिथली पांढरी उचलण्याआधी विचारावं लागेल आणि जीर्णोद्धार समितीलाही आधी सल्ला घ्यावा लागेल. संरक्षणाची सुरुवात इथून होते, दिल्लीतून नव्हे.

म्हणून अड्याळ आणि पवनी तालुक्यातल्या वाचकांना, आणि हे वाचून ज्यांना आपलं गाव आठवेल त्या सर्वांना एक विनंती. दिवाळीनंतर गावातल्या दोन-चार मुलांना घेऊन शिवार फिरा, मोजा, फोटो काढा, लिहा. आणि येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वारसा नोंदवहीचा ठराव विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.